गारगोट्या वेचणारा गणिती

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ पाचवीत गेला. त्याच्या इतिहासाच्या धड्यात अश्मयुगातल्या माणसांचे चित्र होते. विस्तवाभोवती बसलेली पाच-सहा माणसे आणि त्यांच्यात एक मूल. भावाने मला विचारले की या मुलाचे नाव काय. मी त्याला सांगितले की त्या काळातल्या कोणाचेच नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याला काही ते पटले नाही. महाराजांच्या घोड्यांची नावेसुद्धा लोकांना पाठ असतात, मग या मुलाचेच का नसावे, असा त्याचा सवाल होता. मला उत्तर देता आले नाही. तेव्हा मी ठरवले की आपणच त्याच्यासाठी एक गोष्ट लिहायची, आणि जमली तर ती आपल्या वार्षिकांकालाही द्यायची.

आधी ग्रंथालयात शोध घेतला. मुलांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक गोष्टी पुष्कळ आहेत. गड आहेत, मावळे आहेत, पेशवाई आहे, झाशीची राणी आहे. पण राजाच्याही आधीचे, शेतीच्याही आधीचे मूल ज्यात आहे अशी एकही गोष्ट मला तिथे मिळाली नाही. मग मी स्वतःच चार पाने लिहिली. मुलाचे नाव ठेवले गारू. जागा आमचीच घेतली, म्हणजे उत्तनचा किनारा आणि भाईंदरची खाडी, जेव्हा तिथे ना मिठागर होते, ना धारावीचा किल्ला, ना आमची गावठाणे. पहिल्या पानावर गारू मडक्यातून पाणी आणतो, दुसऱ्या पानावर त्याची आई भाकरी थापते. ही पाने मी आमच्या इतिहासाच्या सरांना दाखवली. त्यांनी पेन्सिलीने आधी मडके खोडले, मग भाकरी खोडली. त्या माणसांना मडके भाजता येत नव्हते आणि धान्य पिकवता येत नव्हते, हे मला कसे सुचले नाही याची लाज वाटली. सरांनी कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढून दिले. नाव ‘मिथ अँड रिअॅलिटी’, लेखक दामोदर धर्मानंद कोसंबी. आमच्या घरात इंग्रजी पुस्तक वाचणारी मी पहिलीच. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते दिवाळीच्या सुट्टीत वाचत राहिले. पुस्तक पुरते कळले असे म्हणणार नाही. पण ते लिहिणाऱ्या माणसाविषयी इतके कुतूहल वाटू लागले की गारू बाजूलाच राहिला आणि मी कोसंबींचे चरित्र शोधू लागले.

या चरित्राची सुरुवात मुलाच्या नव्हे, वडिलांच्या गोष्टीने करावी लागते. धर्मानंद कोसंबी हे गोव्यातल्या सांखवाळचे. शाळेचे शिक्षण जेमतेम, घरची नारळाची बागायत पाहायची, आणि जीव मात्र ज्ञानासाठी तळमळत असलेला. त्या काळी ‘बालबोध मेवा’ नावाचे मुलांचे मासिक निघत असे. त्यात आलेले बुद्धाचे छोटेसे चरित्र धर्मानंदांच्या वाचनात आले आणि त्यांचे आयुष्यच फिरले. मुलांसाठी लिहिलेली चार पाने काय करू शकतात, याचे याहून मोठे उदाहरण मला तरी माहीत नाही. १८९९ साली बौद्ध धर्माच्या शोधात ते घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ असे करीत ते सिंहलद्वीपाला पोहोचले, १९०२ साली तिथे भिक्षू झाले, पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला होता. परत आल्यावर मात्र ते फिरून संसारात आले. त्यांच्या जिद्दीचे कौतुक सर्वजण करतात आणि ते योग्यच आहे. पण वाचताना मला राहून राहून त्यांच्या पत्नी बाळाबाईंची आठवण होत होती. नवरा निघून गेला तेव्हा पदरात तान्ही मुलगी, आणि परत येईल की नाही याचा भरवसा नाही. त्या सात वर्षांवर चरित्रकारांनी एखादे वाक्यच खर्चिले आहे.

धर्मानंद परतल्यावर, ३१ जुलै १९०७ रोजी, गोव्यातल्या कोसबें येथे दामोदरचा जन्म झाला. घरात त्याला बाबा म्हणत. धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, म्हणून बाबाची पहिली शाळा पुण्यात झाली. पुढे अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना पुन्हा बोलावले. १९१८ साली ते अकरा वर्षांच्या बाबाला आणि मोठ्या मुलीला, माणिकला, घेऊन निघाले. वडील १९२२ साली परतले. बाबा मात्र पंधराव्या वर्षी परक्या देशात शिक्षणासाठी मागे राहिला. १९२९ साली त्याने हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवली. विषय गणित, पण त्याबरोबर फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषाही तो शिकत गेला. आम्ही रोज सकाळी भाईंदर स्टेशनवर गर्दीत उभे राहून चर्चगेटच्या गाडीत शिरतो तेव्हा मला त्या मुलाचा हेवा वाटतो हे खरे. पण पंधराव्या वर्षी घरापासून हजारो मैल दूर राहण्याची वेळ आली असती तर मी दुसऱ्याच आठवड्यात रडत परत आले असते, हेही तितकेच खरे.

परत आल्यावर कोसंबींनी प्रथम काशीच्या हिंदू विद्यापीठात गणित शिकवले. १९३१ साली नलिनी मडगांवकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास ते अलीगढला गेले. पुढे जगप्रसिद्ध झालेला आंद्रे वेय हा तरुण फ्रेंच गणिती तेव्हा तिथे होता. १९३३ साली ते वडिलांच्याच फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि सुमारे बारा वर्षे तिथे राहिले. शिक्षक म्हणून ते फार लोकप्रिय नव्हते. अपेक्षा मोठ्या, स्वभाव तिखट, आणि साधारण विद्यार्थ्याला सांभाळून घेण्याची वृत्ती कमी. आपल्या वर्गात ते शिकवायला आले असते तर माझे काय झाले असते, याचा विचार मी करीत नाही.

गणितातले त्यांचे काम समजण्याची माझी पात्रता नाही. विज्ञान शाखेच्या एका मैत्रिणीने सांगितले की गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर मोजण्याचे त्यांनी १९४४ साली दिलेले सूत्र आजही कोसंबींच्या नावानेच शिकवले जाते. मला मात्र त्यांची नाण्यांची गोष्ट अधिक आवडली, कारण ती आमच्या बाजारातही पडताळून पाहता येते. नाणे हातोहाती फिरले की झिजते. जितकी वर्षे फिरेल तितके त्याचे वजन घटते, आणि सगळी नाणी सारखी फिरत नसल्याने त्यांच्या वजनांतला फरकही वाढत जातो. तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांच्या साठ्यावर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसते ठसे आहेत. कोसंबींनी अशी हजारो नाणी नाजूक तराजूवर एकेक करून तोलली आणि वजनांच्या हिशेबावरून कोणती आधीची, कोणती नंतरची हे ठरवण्याची पद्धत बसवली. ज्यावर काही लिहिलेले नाही त्यालाही बोलते करता येते, हे त्यांना इथे उमगले असावे असा माझा तर्क आहे.

पण नुसत्या तोलण्याने भागेना. ही नाणी पाडणारे कोण, हे समजण्यासाठी जुने ग्रंथ वाचायला हवेत, म्हणून ते संस्कृतकडे वळले. एकदा वळले की अर्धवट सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. भर्तृहरीच्या नावावर चालणाऱ्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ साली चिकित्सक आवृत्ती काढली. १९५७ साली वि. वि. गोखले यांच्यासह विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादित केला. आणि ग्रंथ वाचता वाचता त्यांच्या लक्षात आले की ग्रंथ लिहिणारे थोडे होते, न लिहिणारेच फार होते. त्यांचा इतिहास कुठे शोधायचा?

तो त्यांनी पायाखाली शोधला. १९४५ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले, पण घर पुण्यातच ठेवले. वर्षानुवर्षे ते डेक्कन क्वीनने सकाळी मुंबईला आणि संध्याकाळी पुण्याला येत-जात राहिले. म्हणजे आपल्यासारखेच ते रोजचे गाडीवाले! सवड मिळाली की ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालीत. पावसाने माती धुऊन गेली की उतारावर गारगोटीचे, अकीकाचे बारीक तुकडे चमकतात. जाणारा-येणारा त्यांच्यावर पाय देऊन जातो. कोसंबी वाकून ते उचलीत. त्यातले काही तुकडे निसर्गाने फुटलेले नसून माणसाने बेताने फोडलेले असत. बोटाच्या पेराएवढे पाते, एका बाजूने धारदार. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंक-राळेने बसवली की बाण होतो, सुरी होते. यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. माझ्या गारूच्या हातात हवी होती ती हीच वस्तू, आणि मी त्याच्या हाती मडके दिले होते.

नुसते तुकडे जमा करून ते थांबले असते तर तो एक छंद झाला असता. त्यांनी पाहिले की हे तुकडे वाटेल तिथे मिळत नाहीत. नदीकाठच्या आजच्या गावांपेक्षा ते टेकड्यांच्या उतारांवर अधिक मिळतात, आणि एका ओळीत मिळत जातात. त्या ओळी म्हणजे वाटा. खालचे खोरे दाट जंगलाचे; लोखंडाची कुऱ्हाड आणि नांगर येईपर्यंत ते साफ होणे कठीण. म्हणून शिकार करणारी, जनावरे पाळू लागलेली माणसे वरच्या मोकळ्या अंगाने फिरत राहिली. पाऊस पडला की एकीकडे, उन्हाळा आला की दुसरीकडे. कोसंबींच्या म्हणण्याचा मला कळलेला सारांश असा की मेंढरे घेऊन फिरणारे आपले धनगर त्याच चालीने आणि पुष्कळदा त्याच वाटांनी चालत आले आहेत.

आणि या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्यांना काय दिसले? शेंदूर लावलेले दगड. कुठे म्हसोबा, कुठे जोगूबाई, कुठे नुसती आई, जिला दुसरे नावही नाही. गावाची देवी गावापासून लांब, एकट्या माळावर का असते, हा प्रश्न आपल्यातल्या किती जणांना पडला असेल? कोसंबींचे उत्तर असे की देवी गाव सोडून गेलेली नाही, गावच तिच्यापासून दूर गेले. वेगवेगळ्या टोळ्या जिथे भेटत, देवघेव करीत, तिथे देवीचे ठाणे झाले. पुढे नांगर आला, वस्ती खाली नदीकडे सरकली, ठाणे मात्र जागच्या जागी राहिले. हे समजून घेण्यासाठी ते पोथ्या सोडून माणसांजवळ बसत. पुण्यात त्यांच्या घराजवळच रास फासे पारध्यांचा तळ होता. त्यांच्या चालीरीती, देव, शिकार यांची त्यांनी बारकाईने नोंद केली. पुरंदर तालुक्यातल्या वीरच्या म्हस्कोबापासून कार्ल्याच्या देवीपर्यंत ते हिंडले. जी माणसे चोर म्हणून पोलिसांच्या दप्तरात होती त्यांना त्यांनी इतिहासाच्या पुस्तकात आणले.

त्यांचे सगळेच तर्क पंडितांना मान्य झालेले नाहीत, आणि आमच्या सरांनी ते मला बजावूनही सांगितले. जमिनीच्या पृष्ठभागावर सापडलेल्या पात्याला वय सांगता येत नाही. उत्खननात ते कोणत्या थरात, कशाबरोबर मिळाले हे कळले तरच काळ ठरतो. अशी पाती भारतात पस्तीस हजार वर्षांपूर्वीही बनत होती हे आंध्रातल्या ज्वालापुरमच्या संशोधनातून २००९ साली पुढे आले, आणि नंतरही ती हजारो वर्षे बनत राहिली. तेव्हा टेकडीवरचे पाते कोणत्या हजार वर्षांतले, हा प्रश्न उरतोच. पंढरीच्या पालखीची वाटसुद्धा मुळात त्या भटक्यांचीच, असे कोसंबींनी सुचवले आहे. तो तर्क मोहक आहे, पण मला तो पुराव्याच्या दोन पावले पुढे गेलेला वाटतो. मात्र चुकण्याची भीती बाळगणारा माणूस टेकडीवर गेलाच नसता, आणि त्या दगडांकडे इतक्या गांभीर्याने पाहायला इतर इतिहासकारही लवकर शिकले नसते.

१९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा मोठा ग्रंथ आला. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ १९६२ साली निघाले आणि प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे पुस्तक १९६५ साली. पण याच वर्षांत नोकरीत मात्र त्यांचे बिनसत गेले. ते मार्क्सवादी होते, जागतिक शांतता चळवळीत होते. अणुशक्तीपेक्षा आपल्या देशाने सूर्यशक्तीकडे लक्ष द्यावे असे ते उघड बोलत, आणि तेही अणुशक्तीचे शिल्पकार असलेल्या भाभांच्याच संस्थेत बसून. त्यात भर म्हणून त्यांनी एक मोठी चूक केली. रीमान नावाच्या जर्मन गणितज्ञाचा अविभाज्य संख्यांशी संबंधित एक प्रश्न १८५९ पासून सुटलेला नाही. त्याची सिद्धता मिळाल्याचा दावा कोसंबींनी १९५९ साली केला, आणि तो लेख छापला शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांमध्ये त्यांची पत उतरली. १९६२ साली त्यांचा करार संपला, तो पुढे वाढवण्यात आला नाही. इतरांच्या चुका निर्दयपणे दाखवणाऱ्या माणसाची चूक लोकांनीही मग दयेने घेतली नाही.

त्यानंतरची त्यांची चार वर्षे मला सर्वांत आवडतात. डेक्कन क्वीन सुटली, टेकड्या उरल्या. पुणे जिल्ह्यातल्या महापाषाणांवर, खडकांवरच्या कोरीव खुणांवर, भोक पाडलेल्या बारीक पात्यांवर, इथल्या कोरडवाहू धान्यांवरही त्यांचे लेख या काळात परदेशी नियतकालिकांत आले. भाकरीचे धान्य दख्खनच्या माणसाला कधी मिळाले असेल, हा प्रश्न एका गणितज्ञाला पडावा याची मला मौज वाटली, कारण माझ्या दुसऱ्या पानावरची भाकरी त्याच प्रश्नाने खोडली गेली होती. २९ जून १९६६ रोजी, पुण्यातल्या राहत्या घरी, झोपेतच त्यांचे हृदय थांबले. वय अठ्ठावन्न. धर्मानंद १९४७ सालीच सेवाग्रामला अन्नत्याग करून गेले होते. दामोदरांना मरणोत्तर हरि ओम आश्रम पुरस्कार १९८० साली मिळाला आणि टपाल खात्याने २००८ साली त्यांचे तिकीट काढले. त्यांच्या कन्या मीरा कोसंबी याही मोठ्या समाजशास्त्रज्ञ झाल्या. आजोबांचे लेखन इंग्रजीत नेण्याचे काम त्यांनी केले.

आता थोडे आमच्या घरचे. आम्ही आगरी. आजी उभा जन्म मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत होती. तिला सही येत नाही, अंगठा लावते. दर चैत्रात गावकीच्या बसने आम्ही कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जातो. देवीचे देऊळ बुद्धाच्या लेण्याच्या अगदी दाराशी आहे. लहानपणापासून मी ते पाहत आले, पण दोन्ही एकाच ठिकाणी कसे, असे कधी वाटले नाही. कोसंबींना तो प्रश्न पडला. त्यांच्या मते ही आईची ठाणी पुरातन वाटांवर आधीपासून होती, व्यापारी तांडे आणि भिक्षू नंतर त्याच वाटांनी आले. यंदा बसमध्ये मी हे आजीला समजावून सांगितले. देवी लेण्याच्याही आधीची असेल असे एका मोठ्या विद्वानाने म्हटले आहे, हे ऐकून ती खूष होईल अशी माझी कल्पना होती. तिने शांतपणे सांगितले की हे तिला ठाऊकच होते, त्यासाठी पुण्याच्या माणसाची गरज नव्हती. मग थोड्या वेळाने तिने विचारले की त्या माणसाने देवीला ओटी भरली होती का. मी खरे ते सांगितले, की ते देव मानणाऱ्यांतले नव्हते. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मलाही वाईट वाटले, कारण कोसंबींचे म्हणणे खरे मानले तर आईचे मूळ माणसांच्या भीतीत आणि भुकेत आहे, हे मी तिच्यापासून दडवले होते. तेवढे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. अजूनही झालेले नाही.

पायऱ्या चढताना भाऊ मागे राहिला म्हणून मी खाली पाहिले, तर तो उताराच्या मातीत बसून दगड वेचत होता. मीच त्याला सूक्ष्मास्त्रांविषयी सांगून ठेवले होते. आमच्या भाईंदरहून चौथे स्टेशन कांदिवली, तिथे टॉड नावाच्या एका ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १९३० नंतरच्या वर्षांत अश्मयुगाची हत्यारे वेचली होती, हे ऐकल्यापासून त्याला प्रत्येक दगडाचा संशय येतो. त्याने दोन्ही खिसे भरून आणले. बसमध्ये आम्ही ते माझ्या ओढणीवर पसरले. बहुतेक सगळी रस्त्याची खडी होती. एक तुकडा मात्र पांढरट गारेचा, एका कडेने पातळ. तोही खडीबरोबर आला असेल असे मी त्याला सांगितले, आणि कुठून उचलला ती जागा लिहून ठेवली नाही म्हणून रागावले. आजीने तो हातात घेतला, अंगठ्याने त्याची कड चाचपली आणि परत त्याच्या हातात दिला. तो आता त्याच्या कंपासपेटीत आहे. गारूची गोष्ट चौथ्या पानावर थांबली आहे, मडके आणि भाकरी काढून टाकल्यावर तिची अडीचच पाने उरली आहेत.